क्रशरच्या जबड्यातल्या गमतीजमती

डबर डंपरमधून हॉपरमध्ये पडतो, तिथून फीडरवर, फीडरवरून जबड्यात, म्हणजे जॉ क्रशरमध्ये, मग बेल्टवरून कोन क्रशरमध्ये, तिथून चाळणीवर आणि शेवटी खडीच्या ढिगावर. पण प्लांट चालू करताना यंत्रं सुरू होतात ती बरोबर उलट्या क्रमाने! आधी ढिगाकडे जाणारा शेवटचा बेल्ट फिरू लागतो, मग चाळणी, मग कोन क्रशर, मग मागचा जबडा आणि सगळ्यात शेवटी फीडर. बंद करताना पहिला मान फीडरचा. दगड येणं थांबलं, की एकेक यंत्र रिकामं होत जातं आणि मगच बंद होतं.

हा क्रम चुकला तर? मधला एखादा बेल्ट थांबला आणि मागचे फिरतच राहिले, तर बघता बघता टनावारी दगड एकाच जागी साचतो. तो उपसायला माणसं, फावडी आणि वेळ, तिन्ही भरपूर लागतं. म्हणून पुढचं यंत्र फिरतंय असा संदेश आल्याशिवाय मागचं यंत्र सुरूच होऊ द्यायचं नाही, अशी व्यवस्था असते. तिला प्लांटवर सगळे 'इंटरलॉक' म्हणतात. दगड फोडणं हे लांबून आडदांड काम वाटतं खरं, पण जवळ जाऊन पाहिलं की कळतं, सगळी करामत मिलिमीटरची, सेकंदांची आणि अँपिअरची आहे. मला तर हे क्षेत्र त्यामुळेच विलक्षण आवडतं.

रस्त्याच्या समितीवर नेमलं, क्रशर मिळाला

स्कॉटलंडच्या जॉन लाउडन मॅकॅडम यांनी फोडलेल्या खडीचे थर दाबून रस्ते बांधायची पद्धत रूढ केली. खडीच्या आकाराबाबत ते भलतेच काटेकोर होते. वरच्या थरातला दगड सहा औंसांपेक्षा, म्हणजे साधारण १७० ग्रॅमपेक्षा जड नको, असा त्यांचा दंडक. तराजू नसेल तर दगड तोंडात मावतो का ते कामगारांनी बघावं, असा किस्सा त्यांच्या नावावर आजही सांगितला जातो.

१८५२च्या सुमारास अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात व्हॉली अव्हेन्यू हा रस्ता याच पद्धतीने करायचं ठरलं. त्या कामाच्या समितीवर एली व्हिटनी ब्लेक यांची नेमणूक झाली. हातोड्याने खडी फोडण्यात किती वेळ जातो हे त्यांनी पाहिलं आणि या कामाला धड एक यंत्र नाही याचं त्यांना नवल वाटलं. काही वर्षं डोकं लढवून त्यांनी जबड्याचा क्रशर तयार केला आणि १५ जून १८५८ रोजी त्याचं पेटंट मिळवलं. एक पाट स्थिर, दुसरा हलणारा, वर रुंद, खाली अरुंद. वाघोलीपासून वर्ध्यापर्यंत आज जे जॉ क्रशर दिसतात, त्यांची मूळ कल्पना हीच. हे ब्लेक कोण? तर कापसाच्या जिनिंग यंत्रामुळे जगभर नाव झालेल्या एली व्हिटनी यांचे सख्खे भाचे.

मार खाऊन कडक होणारं पोलाद

ब्लेक यांना पेटंट मिळालं त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या शेफील्डजवळ रॉबर्ट हॅडफील्ड यांचा जन्म झाला. १८८२ साली, वयाच्या चोविशीच्या आत, त्यांनी मँगनीज पोलाद शोधलं. यात साधारण १२ ते १४ टक्के मँगनीज असतं आणि त्याचा गुण अजब आहे: जितके तडाखे बसतील तितका त्याचा पृष्ठभाग कडक होत जातो. क्रशरच्या जॉ प्लेट आणि कोनचे लायनर, म्हणजे आतली अस्तरं, आजही याच जातीच्या पोलादाचे असतात.

आता खरी गंमत. हे पोलाद चुंबकाला चिकटत नाही! बेल्टवर टांगलेला मोठा चुंबक दगडांतून येणारे खिळे, बोल्ट, लोखंडी पट्ट्या अलगद उचलून घेतो. पण आधीच्या जबड्यातल्या प्लेटचा तुटलेला तुकडा आला, तर चुंबकाखालून तो खुशाल पुढे जातो आणि थेट कोन क्रशरमध्ये पडतो. म्हणून चांगल्या प्लांटवर चुंबकाच्या जोडीला मेटल डिटेक्टर असतो. त्याला चुंबकत्वाशी देणंघेणं नाही. धातूतून वीज वाहते एवढ्यावरच तो तुकडा ओळखतो आणि बेल्ट थांबवतो.

एडिसनची फसलेली, पण जबरदस्त खाण

विजेच्या दिव्याच्या थॉमस अल्वा एडिसन यांनी १८९०च्या दशकात न्यू जर्सीतल्या ऑग्डेन्सबर्ग इथे लोहखनिजाचा प्रचंड प्रकल्प उभारला होता, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसतं. पाच-सहा टनांचे धोंडे फोडायचे, त्यांची पूड करायची आणि चुंबकाने त्यातलं लोहखनिज वेगळं काढायचं, असा बेत. त्यासाठी त्यांनी जवळजवळ सहा फूट व्यासाचे दोन अजस्र रूळ घडवले. एवढा धोंडा रुळांत पडताक्षणी इंजिनाला जो हिसका बसेल, त्याने इंजिनच मोडायचं. एडिसन यांची युक्ती अशी: रूळ आधी पूर्ण वेगाने फिरवायचे आणि धोंडा पडला की इंजिन आणि रूळ यांच्यातली पकड घसरू द्यायची. धोंडा फुटतो तो रुळांच्या स्वतःच्या वजनाच्या आणि वेगाच्या जोरावर, इंजिनाला धक्का पोचतच नाही. धोंडा फुटला की पकड पुन्हा बसते आणि रूळ वेग घेतात. संगणक नाही, सेन्सर नाही, माणसाचा हात नाही, तरी यंत्र स्वतःला सांभाळतंय. स्वयंचलित संरक्षणाचा याहून सुंदर जुना नमुना मला माहीत नाही.

पुढे मिनेसोटातल्या मेसाबी भागात सकस आणि स्वस्त लोहखनिज हाती लागलं आणि एडिसन यांचा प्रकल्प बुडाला. वीस लाख डॉलरहून अधिक रक्कम पाण्यात गेली. पण दगड फोडण्याचं ते ज्ञान त्यांनी सिमेंटच्या धंद्यात लावलं. १९२३ साली न्यूयॉर्कमध्ये बांधलेल्या मूळ यांकी स्टेडियमच्या काँक्रीटला एडिसन यांच्याच कंपनीचं सिमेंट वापरलं होतं.

शिशाचा तुकडा आणि सेटिंग

कोन क्रशरमध्ये आत एक शंकू आणि त्याभोवती एक वाडगं असतं. शंकू जागच्या जागी डोलतो, त्यामुळे फट एका बाजूला मिटते तेव्हा दुसऱ्या बाजूला उघडते. खाली पडता पडता एकच दगड पुन्हा पुन्हा दाबला जातो. फट सगळ्यात अरुंद होते त्या मापाला 'सेटिंग' म्हणतात आणि पाऊण इंची खडी किती निघणार, कच किती निघणार, हे बरंचसं त्यावर ठरतं.

पण फिरत्या यंत्राच्या पोटातली फट मोजायची कशी? जुनी रीत आजही अनेक ठिकाणी चालते. क्रशर रिकामा फिरत असताना शिशाचा तुकडा तारेला किंवा दोरीला बांधून फटीत सोडतात. शिसं मऊ, त्यामुळे ते चेपतं. तो तुकडा वर ओढून घ्यायचा आणि चेपलेल्या जागेची जाडी कॅलिपरने मोजायची. जेवढी जाडी, तेवढी सेटिंग. एकाच बाजूला मोजून भागत नाही, कारण लायनर सगळीकडे सारखा झिजत नाही. म्हणून दोन-तीन जागी तुकडे सोडून पाहावे लागतात. तेवढा वेळ उत्पादन बंद.

लायनर तर रोज झिजतो. झिजला की फट वाढते, फट वाढली की खडी जाड होते आणि जाड खडी चाळणीवरून परत क्रशरकडे येऊ लागते. स्वयंचलित क्रशरमध्ये मुख्य दांडा हायड्रॉलिक तेलाच्या आधारावर उभा असतो. तेल भरलं की शंकू वर सरकतो, सोडलं की खाली. शंकू नेमका कुठे आहे हे सेन्सर सतत सांगतो. आणि झीज किती झाली ते कसं कळतं? रिकाम्या क्रशरमध्ये शंकू सावकाश वर नेतात, धातूला धातू टेकला की तोच नवा शून्य! तिथून संगणक पुढचं माप धरतो. शिशाच्या तुकड्याचं काम काही मिनिटांत उरकतं.

दोन प्रश्न, एक घोळ

क्रशरचं नियंत्रण मुळात दोन प्रश्नांवर चालतं. एक, यंत्राच्या तोंडाशी दगडाची पातळी किती आहे? ती अल्ट्रासोनिक, रडार किंवा लेझर सेन्सर मोजतो आणि त्यानुसार फीडरचा वेग कमीजास्त होतो. दोन, मोटार किती वीज ओढतेय आणि हायड्रॉलिक तेलावर दाब किती आलाय? त्यावरून सेटिंग बदलते. भार कमी वाटला तर फट थोडी मिटवायची, म्हणजे बारीक माल जास्त निघेल. भार मर्यादेला टेकला तर फट थोडी उघडायची.

नवख्याला वाटतं, क्रशर अर्धा रिकामा ठेवला म्हणजे त्याची काळजी घेतली. कोन क्रशरच्या बाबतीत हे साफ चुकीचं आहे. तोंडाशी दगड दाटून भरलेला असला, की दगड दगडावरही फुटतो, खडीचा आकार चांगला येतो आणि लायनर सगळीकडून सारखा झिजतो. अर्धवट भरलेल्या क्रशरमध्ये चपट्या, लांबट खपल्या जास्त निघतात आणि काँक्रीटवाले नेमकं त्यालाच नाक मुरडतात.

घोळ आहे तो उशिराचा. फीडर आणि क्रशर यांच्यात लांबलचक बेल्ट असतो. आत्ता फीडर वाढवला तर त्याचा परिणाम क्रशरमध्ये दिसायला बराच वेळ जातो. गीझरचा नळ सोडल्यावर पाणी गार लागतं म्हणून आपण तो आणखी सोडतो आणि मग एकदम चटका बसतो, अगदी तसंच. उतावळी नियंत्रणयंत्रणा फीडर वाढवत राहते आणि मग मागून दगडांचा लोंढा येतो. म्हणून चांगली यंत्रणा बेल्टवर वाटेत किती माल आहे याचा हिशेब ठेवते आणि तो पोचायच्या आधीच हात आखडता घेते.

संगणकापेक्षा चपळ नायट्रोजन

चुंबक आणि डिटेक्टर दोघांना चुकवून पोकलेनच्या बकेटचा दात कोन क्रशरमध्ये पडला, तर सर्वांत आधी कोण धावून येतं? संगणक नव्हे, नायट्रोजन! हायड्रॉलिक तेलाला जोडून नायट्रोजन भरलेली एक टाकी असते. दाब अचानक चढला की तेल त्या टाकीत घुसतं, वायू दबतो, शंकू खाली बसतो, फट मोठी होते आणि पोलादाचा तुकडा खाली निसटतो. मग वायू तेलाला परत ढकलतो आणि शंकू जागेवर येतो. हे सगळं इतक्या झटपट होतं, की मोजून, विचार करून, आज्ञा देणाऱ्या यंत्रणेला ती घाई जमलीच नसती.

कळ नसलेला मेंदू

क्रशर प्लांटचा मेंदू म्हणजे पीएलसी, भिंतीवरच्या पेटीतला छोटा औद्योगिक संगणक. त्याचे एक जनक रिचर्ड मॉर्ली. १ जानेवारी १९६८ रोजी त्यांनी या यंत्राची कल्पना कागदावर उतरवली. त्यातून आलेल्या पहिल्या नमुन्याचं नाव '०८४', कारण त्यांच्या कंपनीचा तो ८४वा प्रकल्प होता. हे यंत्र सुरुवातीला गेलं जनरल मोटर्सच्या कारखान्यात. त्याला पंखा नव्हता आणि चालू-बंदची कळही नव्हती. धूळ, उष्णता आणि हादरे यांच्यात ते सतत चालत राहावं, हाच हेतू. दगडाच्या धुळीत उभ्या असलेल्या क्रशर प्लांटला याहून योग्य मेंदू कुठला मिळणार?

गणिताने सांगितलेलं दगडाचं नशीब

१९७२ साली क्वीन्सलंडमध्ये बिल व्हाइटन यांनी कोन क्रशरचं गणिती रूप मांडलं. त्याचा गाभा एवढा सोपा, की ऐकून आनंद होतो. एका ठरावीक आकारापेक्षा लहान दगड कधीच फुटत नाही, तो फटीतून सरळ खाली जातो. दुसऱ्या एका आकारापेक्षा मोठा दगड हमखास फुटतो. मधल्या आकारांचं नशीब शक्यतेवर. फुटलेल्याचे तुकडे पुन्हा याच परीक्षेला बसतात. ऑस्ट्रेलियातल्या माउंट आयझा खाणीवर अल्बन लिंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गणितांच्या बळावर दगड फोडण्या-दळण्याचं नियंत्रण शास्त्रशुद्ध केलं. आजही खाणींच्या संगणकांत हेच सूत्र थोड्याफार फरकाने चालतं.

आपला काळा दगड भलता चिवट

अमेरिकेच्या अॅलिस-चाल्मर्स कंपनीतले फ्रेड बॉन्ड यांनी १९५२ साली कोणता दगड बारीक करायला किती वीज लागते याचा निर्देशांक मांडला. त्यांच्या तक्त्यांत चुनखडीचा आकडा १२च्या आसपास, ग्रॅनाइटचा १४-१५ आणि बेसॉल्टचा सुमारे २०, तोही टनामागे किलोवॅट-तासांत. आपलं दख्खनचं पठार साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्हाच्या बेसॉल्टचं आहे. म्हणजे चुनखडीवर खूश असलेली यंत्रणा उचलून सातारा किंवा नगरच्या क्रशरवर तशीच बसवली, तर मोटारीला घाम फुटणार. भाराची मर्यादा, फीडरचा वेग, सगळं आपल्या दगडावर नव्याने बसवावं लागतं. याच काळ्या कातळावर घण, पहार आणि छिन्नीने पिढ्यान्‌पिढ्या काम करणाऱ्या वडार कारागिरांना दगडाचा धागा, त्याची फुटायची दिशा नुसत्या आवाजावरून कळते. दगडाची ही पारख कुठल्याही सेन्सरच्या तोडीची आहे, हे मी मनापासून मानतो.

मोटारच झाली तराजू

बेल्टवरून तासाला किती खडी जाते हे मोजायला बेल्टखालचा वजनकाटा लागतो आणि तो महाग असतो. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठात एरिक हुल्थेन आणि मॅग्नस एव्हर्टसन यांनी साधा मार्ग काढला. बेल्ट चढावर असेल तर त्याची मोटार माल वर उचलत असते. मग मोटारीने ओढलेली वीज मोजा आणि त्यातून रिकाम्या बेल्टची वीज वजा करा, मालाचं वजन हाती येतं!

पुढची पायरी त्याहून रंजक. कोन क्रशरचा वेग बहुतेक ठिकाणी कायमचा ठरलेला असतो, पुली बदलल्याशिवाय तो बदलत नाही. त्यांनी मोटारीला वेग बदलणारी ड्राइव्ह बसवली आणि संगणकाला मुभा दिली: वेग थोडा बदल, कुठल्या मापाची खडी किती निघाली ते बेल्टवर बघ, फायदा झाला तर त्याच दिशेने जा, नाहीतर माघारी फिर. लायनर झिजत जाईल तसा यंत्र स्वतःसाठी नवा योग्य वेग शोधत राहतं.

कॅमेऱ्याने खडी मोजण्याची तंत्रंही आहेत. बेल्टवरच्या दगडांचा फोटो काढून संगणक प्रत्येकाची कडा शोधतो आणि आकार सांगतो. अडचण एकच: कॅमेऱ्याला वरचा थर दिसतो आणि बारीक माल नेहमी खाली दडलेला असतो. त्यामुळे चाळणीच्या परीक्षेशी अधूनमधून पडताळा घ्यावाच लागतो. आपल्या रेल्वेची खडीच घ्या. यंत्राने फोडलेली खडी ६५ मिलिमीटरच्या जाळीवर ५ टक्क्यांहून जास्त अडकता कामा नये आणि २० मिलिमीटरच्या जाळीवर ९८ टक्के तरी राहायलाच हवी. इतक्या काटेकोर मापाला नुसता फोटो पुरत नाही.

हजार किलोमीटरवरून घाव

भला मोठा धोंडा क्रशरच्या तोंडात आडवा बसला, की सगळं ठप्प. तो फोडायला तोंडाशीच हायड्रॉलिक ब्रेकर उभा असतो. ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट अँजेलस या लोहखनिजाच्या खाणीवरचा असा ब्रेकर रिओ टिंटो कंपनी आणि सीएसआयआरओ ही संशोधन संस्था यांनी पर्थ शहरातून चालवून दाखवला. अंतर हजार किलोमीटरहून जास्त! धूळ नाही, कानठळ्या नाहीत, समोर पडदे आणि हातात दांडी.

दगडावर दगड आपटून वाळू

'बारमॅक' या क्रशरचं नाव ब्रायन बार्टली आणि जिम मॅकडोनल्ड या दोन न्यूझीलंडकरांच्या आडनावांतून आलंय. त्यांच्या क्रशरमध्ये फिरणारा रोटर दगडाला सेकंदाला पन्नास मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने भिरकावतो आणि तो दगडाच्याच थरावर आपटून फुटतो. आपल्याकडे क्रश सँड करणारी व्हीएसआय (व्हर्टिकल शाफ्ट इम्पॅक्टर) यंत्रं याच कुळातली. रोटरचा वेग बदलला की वाळूची जाडी बदलते, म्हणून इथे वेगाचं स्वयंचलित नियंत्रण थेट पैसे वाचवतं. नदीच्या वाळूला पर्याय हवा म्हणून महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मे २०२५मध्ये कृत्रिम वाळूचं धोरण मंजूर केलं. वाळूची प्रत प्रत्येक ब्रासला, म्हणजे दर शंभर घनफुटांना, सारखी ठेवायची तर डोळ्यांच्या अंदाजावर आता भागणार नाही.

धूळ आणि दोरी

स्टोन क्रशरच्या यंत्रापासून ३ ते १० मीटरच्या अंतरात हवेतले धूलिकण घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत, असा आपल्या देशात नियम आहे. पाण्याचे फवारे चालू असले तर धूळ खाली बसते, पण पाणी जास्त झालं तर बारीक माल ओला होऊन जाळी बुजते. मग ऑपरेटर फवाराच बंद करून टाकतो आणि धूळ माणसांच्या छातीत जाते. बेल्टवर माल असेल तेव्हाच वाल्व उघडेल, नसेल तेव्हा बंद होईल, एवढं साधं नियंत्रणही हा तिढा सोडवतं.

वीज गेली की क्रशर भरल्या तोंडाने थांबतो आणि भरलेल्या क्रशरची मोटार पुन्हा उचलत नाही. मग माणसं आत उतरून हाताने दगड काढतात. अशा वेळी कोणी चुकून बटण दाबू नये म्हणून कुलूप लागणारा स्विच हवा आणि त्याची किल्ली आत उतरलेल्या माणसाच्याच खिशात हवी.

क्रशर चालवणाऱ्या प्रत्येक मालकाला माझी कळकळीची विनंती आहे. पैसे मोजकेच असतील, तर सगळ्यात आधी बेल्टच्या कडेने ओढताक्षणी बेल्ट थांबवणारी दोरी बसवा, थांबलेला बेल्ट ओळखणारा स्विच बसवा आणि प्लांट सुरू होण्याआधी वाजणारा भोंगा बसवा. सेटिंग आपोआप बदलणारी यंत्रणा पुढच्या वर्षी घेतली तरी चालेल.